रिअल, युजर, सिस

गंगाखेडचा माणूस वेळेवर पोचत नाही, अशी परभणीकरांची जुनी तक्रार आहे. परभणीचा माणूस वेळेवर पोचल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण तो विषय वेगळा. आपल्या बाजूनं भूगोल भक्कम उभा आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, तिकडे मिर्झापूरच्या बाजूला. गंगाखेड आहे पावणेसत्त्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं या दरानं आपला सूर्य सरकारी घड्याळाच्या सुमारे २३ मिनिटं मागे चालतो. २४ मिनिटांची एक घटका धरली, तर गाव जन्मतःच देशाच्या जवळजवळ घटकाभर मागे. तेव्हा बाराच्या लग्नाला बारा तेवीसला पोचलेला गंगाखेडकर उशिरा आलेला नसतो, सूर्याबरोबर आलेला असतो. मुंबईनं तर हाच मुद्दा धरून १९५५ पर्यंत आपलं वेगळं घड्याळ चालवलं, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आपण असा हट्ट कधी धरला नाही. आपण नुसते उशिरा जातो.

खरी पंचाईत उशिराची नाहीच, नोंदीची आहे. आपल्याकडे वेळ सांगताना कुणाचं मन मोडत नाहीत. ‘निघालोच’ म्हणजे अंघोळ व्हायचीय. ‘रस्त्यातच आहे’ म्हणजे चप्पल सापडेना झालीय. आणि ‘पाच मिनिटं’ हे माप तर सर्वांना पुरून उरणारं. पाच मिनिटांत चहा होतो, पाच मिनिटांत डॉक्टर येतात, पाच मिनिटांत लाइट येते आणि पाच मिनिटांतच मुलीकडची मंडळी निघतात. ऐकणाऱ्यालाही हे पाठ असतं. तो पाचाला योग्य त्या आकड्यानं गुणतो आणि खुर्ची ओढून बसतो. पिढ्यान्‌पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं. त्यात खोडा घातला आमच्या पुतण्यानं.

पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. घरून काम करायची मुभा मिळाली तसा लॅपटॉप घेऊन गावी आला, आणि इथलं इंटरनेट त्याला दर मीटिंगला ऐन मोक्यावर दगा देऊ लागलं. नेटवाल्याला फोन लावला. नेटवाला ओळखीतलाच, बोलायला गोड.

“कव्हा गेलतं?”

“मघाशी.”

“आता हाय का?”

“आता आहे.”

“मग झालं की!”

या संवादाला कुठं फट नाही. नेट गेलेलं असताना फोन करावा, तर तो ‘बघतो, पाच मिनिटं’ म्हणतो. आल्यावर करावा, तर तक्रारच उरत नाही. वर आणखी, “बाकी समदं गाव ओके हाय काका, तुमच्याकडंच कायतरी असंल.” पुतण्यानं वाद घातला नाही. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, फडक्यानं पुसला, त्यात लिनक्स टाकलं आणि पाच-सहा ओळींची एक शेल स्क्रिप्ट लिहिली.

स्क्रिप्ट म्हणजे काय, तर कामांची यादी. आधी तारीख-वेळ लिही. मग पिंग कर. पिंगला किती वेळ लागला तो मोज. सगळं फाईलमध्ये टाक. साठ सेकंद झोप. उठ, आणि पुन्हा पहिल्यापासून. पिंग ही माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली बारकीशी कमांड. ती दूरच्या कॉम्प्युटरला हाक मारते आणि ‘ओ’ यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. ‘ओ’ आलीच नाही, तर तेही सांगते. बास. तिला कुणाची भीड नाही, नेटवाला आपल्या मेहुण्याच्या वर्गात होता याचं सोयरसुतक नाही.

यातली मोजायची कमांड म्हणजे टाइम. तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या घरातली शांतता तिनं घालवली. युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून, १९७३ च्या आसपासपासून, ती आहे. तेव्हा एकेका कॉम्प्युटरवर अनेक जण काम करत. यंत्राचा वेळ महाग, म्हणून कुणी किती खाल्ला याचा हिशेब लागायचा. कुठल्याही कामाच्या आधी टाइम लिहायचं. काम संपलं की ती तीन ओळी छापते: रिअल, युजर आणि सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात गेलेला वेळ. युजर म्हणजे त्यातला तुमच्या कामाला प्रोसेसरनं प्रत्यक्ष दिलेला वेळ. सिस म्हणजे तुमच्याच कामापायी, पण पडद्यामागं यंत्रणेला करावी लागलेली उठाठेव, म्हणजे फाईल उघडणं, नेटवर्कशी बोलणं वगैरे. आणि उरलेला? त्याला ओळ नाही. रिअलमधून युजर आणि सिस वजा केले की जो हाती राहतो, तो निव्वळ वाट बघण्यात गेलेला वेळ.

पुतण्यानं मला प्रयोग करून दाखवला. टाइम स्लीप ५ असं लिहिलं. स्लीप ही कमांड काहीही करत नाही, सांगाल तितके सेकंद झोपते. पाच सेकंदांनी आकडे आले. रिअल पाच सेकंद आणि वर चिमूटभर, युजर शून्य, सिस शून्य. मी म्हटलं, “अरे, हा तर आपल्या तात्यांचा दिवस.” तात्या शेजारीच बसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येतं हे मला माहीत होतं, पण एवढ्या लांबून वाचता येतं हे नव्हतं.

तेव्हापासून मला जिकडेतिकडे या तीन ओळीच दिसू लागल्या.

आत्याच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला तिला सेवा केंद्रावर नेलं. आत्या स्वतः जिवंत, रिक्षातून उतरून, पदर सावरून, पोरासमोर बसलेली. पण ती जिवंत असल्याची खात्री अंगठा घेणाऱ्या मशीनला पटायला हवी होती. पोरानं स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या चकलीकडं बघत सांगितलं, “फिरायलंय अजून.” सगळं केंद्र त्या फिरण्याकडं डोळे लावून बसलं. फिरायचं थांबलं तर अंगठा लागेना. सगळा जन्म भांडी घासण्यात आणि भाकरी थापण्यात गेल्यामुळं आत्याच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. पोरानं मशीनची काच शर्टाच्या टोकानं पुसली, आत्यानं अंगठा पदराला घासला. मग पोरगं म्हणालं, “वला करा जरा आजी, दाबू नका, नुस्ता ठिवा.” आजींनी नुसता ठेवला. हिरवा दिवा. युजर असेल दोन सेकंद. पोरानं साइट उघडली, नंबर भरला, ओटीपी विचारला, त्याचे सिस म्हणून धरा पाच-सात मिनिटं. रिअल मात्र सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत. पोराचा दोष नव्हता, आत्याचा तर नव्हताच. वजाबाकीतून उरलेला तो सगळा वेळ कुणाच्याच नावावर पडत नव्हता. मला वाटतं, असा वेळ आपल्याकडे इतका मुबलक असण्याचं कारणच हे, की त्याला स्वतंत्र ओळ नाही.

पण हेच आकडे कधीकधी उलटेही होतात. आजच्या प्रोसेसरमध्ये चार-आठ कोअर असतात. सगळे एकाच कामाला जुंपले, तर सगळ्यांचा वेळ मिळून युजर हा रिअलपेक्षा मोठा येतो. मला आधी हे पटेना. घड्याळात तासच गेला, तर काम चार तासांचं कसं झालं? मग महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस आला. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, पंचामृत. पहाटे चारपासून घरातल्या चार बायका स्वयंपाकघरात. नैवेद्य दाखवला बाराला. रिअल आठ तास, युजर बत्तीस. पुरुष मंडळी बैठकीत बसून अर्ध्या अर्ध्या तासानं आत हाक मारत होती, “कितीक वेळ हाय अजून?” आतून आवाज यायचा, “झालंच, पाच मिनिटं!” हे पिंगच. पिंग करणाऱ्याचा स्वतःचा युजर किती असतो ते सांगायची गरज नाही.

हे गणित गंगाखेडला नवं असायचं काही कारण नाही. संत जनाबाई इथल्या. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्या दळायला बसल्या की प्रत्यक्ष विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावायला येई, ही कथा इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. घड्याळात वेळ एकच, जात्यावर राबणारे दोघं. दुसऱ्या कोअरची अशी सोय तेराव्या शतकात फक्त आमच्या गावच्या मुलीची झाली. गोवऱ्यांची कथाही तशीच. जनाबाईंचं कुणा बाईशी गोवऱ्यांवरून भांडण लागलेलं असताना कबीर तिथं पोचले. कुठली गोवरी कुणाची हे ठरवायचं कसं? जी कानाला लावल्यावर विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती जनीची. पुतण्याला मी ही गोष्ट सांगितली तर तो गंभीर होऊन म्हणाला, “बरोबर आहे काका. लॉगच्या प्रत्येक ओळीवर कुठल्या प्रोसेसनं लिहिली तिचा नंबर टाकायचा असतो. नाहीतर दोन स्क्रिप्ट एकाच फाईलमध्ये लिहायला लागल्या की असंच भांडण होतं.” भक्तीची कथा अशी ऐकणाऱ्याशी पुढं काय बोलणार.

आता स्क्रिप्टकडं. पहिल्या दिवशी ती नीट चालली. पण संध्याकाळी फाईल बघितली तर वेळा घसरत गेलेल्या. सकाळी मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला पडलेली ओळ, नंतर तिसऱ्याला, पुढं विसाव्याला, आणि काही मिनिटं तर हजेरीपटावरूनच गायब. कारण साधं होतं. झोप साठ सेकंदांची, पण पिंगला लागणारा वेळ वेगळा. नेट गेलेलं असलं की पिंग ‘ओ’ची वाट बघत दहा-दहा सेकंद उभी राहायची आणि नंतर स्क्रिप्ट पुन्हा पूर्ण साठ सेकंद झोपायची. म्हणजे हिचं मिनिट सत्तर सेकंदांचं. उशीर मोजायला ठेवलेली बाई स्वतःच उशिरा येऊ लागली. तात्यांना याचा फार आनंद झाला. “इथलं पाणी लागलं तिला,” म्हणाले.

पुतण्यानं मग ते काम क्रॉनकडं दिलं. क्रॉन हा दर मिनिटाला घड्याळाकडं बघून काम सुरू करणारा. कुणासाठी थांबत नाही. पण त्याचं दुखणं वेगळं. मागचं काम संपलंय की नाही हेही तो बघत नाही. एकदा पिंग फार लांबली, तर हिची दुसरी, तिसरी बहीणही येऊन उभी राहिली, आणि तिघी एकाच फाईलवर तुटून पडल्या. मग दाराला कुलूप लावावं लागलं: आत कुणी असेल तर दुसरीनं मुकाट परत जायचं. त्यासाठीही कमांड आहे. माणसांसाठी अजून नाही. आमच्याकडे दुपारी दोन पाहुणे एकाच वेळी येतात, ते एकमेकांचे वैरी असले तरी.

मोजण्याचा आणखी एक गमतीचा नियम पुतण्यानं सांगितला. एखादं काम किती वेळ घेतं हे बघायचं तर ते पुन्हा पुन्हा चालवायचं आणि पहिला आकडा सहसा बाजूला ठेवायचा. पहिल्या वेळी फाईल डिस्कवरून शोधून आणावी लागते, दुसऱ्या वेळी ती मेमरीत तयार असते. कुठल्याही खिडकीवर हेच चालतं. पहिल्या खेपेला आधारची झेरॉक्स, फोटो, सातबारा, सहीसाठी दुसरं पेन. दुसऱ्या खेपेला, “तुम्ही त्या अमक्याचे भाऊ ना? बसा बसा.” त्यामुळं बाहेरगावच्या माणसाचा अनुभव आणि गावच्या माणसाचा अनुभव यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो. सरासरी कुणालाच भेटलेली नसते.

आता नोंदीचं. स्क्रिप्टमधून फाईलमध्ये लिहायला बाणाच्या टोकासारखं एक चिन्ह वापरतात. एक बाण दिला तर आधीचं सगळं पुसून नवं लिहिलं जातं. दोन बाण दिले तर आधीचं तसंच ठेवून त्याखाली भर पडते. जगातली माणसंही या दोन जातींत विभागली आहेत, असं माझं मत झालंय. नेटवाला एक बाणाचा. दर फोनला त्याची पाटी कोरी. आत्या दोन बाणांची. चुलत बहिणीच्या लग्नात मानाची साडी कुणाला कुठल्या रंगाची मिळाली, कोण न जेवता उठलं आणि कोण ‘आलोच’ म्हणून जे गेलं ते बारशालाच उगवलं, हे तिच्याकडं तारीखवार आहे. त्यातलं काही पुसता येत नाही. शोधायचं म्हटलं तर नाव घ्यायचा अवकाश, संबंधित सगळ्या ओळी बाहेर.

पण लॉग हा प्रकार आमच्या गावाला पुतण्यानं दिला, असं त्याला वाटत असेल तर तो त्याचा भ्रम आहे. गोदावरीवर केंद्रीय जल आयोगाचं पातळी बघायचं ठिकाण गंगाखेडला आहे. पुराच्या दिवसांत पट्टीवरचा आकडा तासातासाला वाचला जातो आणि पुढं कळवला जातो, कारण इथला आकडा बघून खाली नांदेडला जागं व्हायचं असतं. पट्टी वाच, वेळ लिही, कळव, तासभर थांब, पुन्हा वाच. ही स्क्रिप्टच आहे, फक्त ती भर पावसात विजेरी घेऊन चालते. तिकडं परभणी-परळी लोहमार्गावर आमचं स्टेशन. तिथं ट्रेन सिग्नल रजिस्टरात प्रत्येक गाडीचं येणं-जाणं मिनिटानिशी हातानं लिहिलेलं. आणि पावसाचं बघा. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडलं की अतिवृष्टी. मग ६४ वर थांबलेल्या पावसाविषयी शेतकरी जे बोलतो ते कुठल्याही लॉगमध्ये लिहिण्यासारखं नसतं. म्हणजे गावाला नोंदी अजिबात वर्ज्य नाहीत. नदीची असो, रेल्वेची असो, आभाळाची असो, खुशाल ठेवा. माणसाची ठेवू नका.

पुतण्याच्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक लांबलचक आकडा होता. मी विचारलं, हा फोन नंबर कुणाचा? तर ते सेकंद. १ जानेवारी १९७० ला ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून कॉम्प्युटर सेकंद मोजत बसलेत. त्या घडीला गंगाखेडात पहाटेचे साडेपाच वाजलेले, वार गुरुवार. इथं कुणाला पत्ताही नव्हता की आपल्या अंघोळीच्या वेळेला जगाची वेळ सुरू होतेय. हे सेकंद जुन्या, बत्तीस बिटांच्या यंत्रांत १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, मावेनासे होणार. पुढच्या सेकंदाला असं यंत्र एकदम डिसेंबर १९०१ दाखवेल. बाकीच्या देशाला याचं काही वाटणार नाही, पण आपण तेव्हा सहाव्या निजामाच्या राज्यात होतो. म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ उजाडायला पुन्हा जवळपास ४७ वर्षं. मराठवाड्यानं तरी ही अडचण वेळेत मनावर घ्यावी.

असो. महिनाअखेरीला पुतण्यानं फाईल छापली आणि नेटवाल्याला घरी बोलावलं. तो ‘निघालोच’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आला. चहा झाला. मग कागद पुढं केले. कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी नेट गेलं, किती वेळानं आलं, सगळं. मध्ये काही ठिकाणी ओळीच नव्हत्या. त्या वेळी लाइटच गेली होती, कॉम्प्युटरही बंद पडला होता. नेटवाल्यानं बरोबर त्याच जागेवर बोट ठेवलं.

“हितं तर कायबी झालेलं दिसंना. म्हंजे हितं आमचं नेट चालूच होतं.”

पुतण्या पाणी प्यायला आत गेला.

नेटवाल्यानं कागद खालीवर केले. “हे कुणी बसून लिवलं एवढं?”

“कुणी नाही. कॉम्प्युटर आपोआप लिहितो. दर मिनिटाला.”

“रातीबी?”

“रात्रीसुद्धा.”

त्यानं आदरानं कोपऱ्यातल्या त्या जुन्या डब्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणला. “काका, खरं सांगू का? माझं वरचं नेट परभणीहून येतंय. तिथला माणूस मला असाच म्हणतोय, ‘कव्हा गेलतं? आता हाय का? मग झालं की!’ ही फाईल जरा मला व्हॉट्सॲप करता का? त्याच्या तोंडावर मारतो.”

फाईल गेली. परभणीवाल्यानं ती म्हणे त्याच्या वरच्याला पाठवली. त्या वरच्यालाही कुणीतरी वरचा असणारच. नेट अजून जातं, पण आता ते का जातं याची चौकशी करायला आमच्याकडंच फोन येतात, तेही बहुतेक नेट गेल्यावर. परवा ती फाईल फिरत फिरत तात्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आली, वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ अशी खूण. खाली कुणीतरी विचारलं होतं: “ही कुणाची पत्रिका आहे? मंगळ कडक दिसतोय.”